झुकतं माप

माणसानं दोन आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक, लग्न ठरवताना सांगितलेलं वय. आणि दुसरा, खाण्याच्या डब्यावर छापलेली कॅलरी. पहिल्या बाबतीत माणूस आयुष्यात एकदाच फसतो. दुसऱ्या बाबतीत रोज, आणि तेही जेवणाच्या वेळेला.

हे शहाणपण मला फार उशिरा आलं. बत्तीस वर्षं मी धर्मापुरीत पोरांना गणित शिकवलं. त्यामुळे छापील आकडा दिसला की माझे हात आपोआप जोडले जातात. त्यात दशांश चिन्ह असेल तर साष्टांग नमस्कारच! ‘सत्तरेक किलो असेल’ म्हणणारा माणूस मला थापाड्या वाटतो आणि ‘६९.७’ म्हणणारा शास्त्रज्ञ. या स्वभावाची किंमत मी मोजली असती तर तक्रार नव्हती. मोजली आमच्या सौभाग्यवतीनं.

त्याचं असं झालं, तिचा रक्तदाब वाढला. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी ‘वजन कमी, मीठ त्याहून कमी’ असं बजावलं. ही बातमी पुण्याला चिरंजीवांच्या कानावर गेली आणि पुढच्याच रविवारी ते थर्माकोलच्या पेटीत, बर्फात घालून चौदा डबे घेऊन हजर झाले. गोठवलेली डाएट जेवणं! डब्यावर वेलीसारख्या बाईचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत ‘फक्त १६५ कॅलरी’. आमच्या केदारेश्वराच्या भिंतीवरच्या सुरसुंदऱ्यासुद्धा तिच्यापुढे जरा सुटलेल्या वाटाव्यात.

मी तात्काळ घरात आणीबाणी जाहीर केली. लोणचं, पापड, ठेचा सगळे स्थानबद्ध. सौ. दबकत म्हणाली, “अहो, अर्धी भाकरी तरी? तिच्यात किती असतात त्या कॅलऱ्या?”

“भाकरीवर काही लिहिलेलं नसतं,” मी गरजलो, “म्हणून तर ती धोक्याची!”

या वाक्याची मला आजही लाज वाटते.

चौदा दिवस तिनं रोज दुपारी एक डबा मुकाट्यानं खाल्ला. पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला, तर रक्तदाब आधीपेक्षा वर! “मीठ बंद केलं ना?” “केलं.” “मग खाता काय?” मी अभिमानानं पिशवीतून रिकामा डबा काढला. डॉक्टरांनी तो उलटा करून पाहिला आणि माझ्याच हातात परत दिला. “मास्तर, गणित तुमचं. करा.”

वाचकहो, मी चष्म्यावर भिंग धरून ते गणित केलं. डबा २८० ग्रॅमचा. पण ‘फक्त १६५ कॅलरी’ या १४० ग्रॅमच्या, म्हणजे अर्ध्या डब्याच्या! उरलेला अर्धा कुणी खायचा, मांजरानं? पुढे सोडियम, १०० ग्रॅमला ४३० मिलिग्रॅम. अख्ख्या डब्याचे झाले १२०४. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ मिळतं. तीन ग्रॅम! दिवसभरात पाच ग्रॅमच्या पुढे मीठ जाऊ नये असं मानतात, आणि माझ्या बायकोला मी एका जेवणात तीन ग्रॅम चारत होतो. रक्तदाब डब्यांमुळेच चढला, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. म्हणायची गरजही नव्हती.

आता कुणी म्हणेल, मास्तर, लेबल खरंच बोलत होतं, तुम्हीच नीट वाचलं नाही. कबूल. पण नीट वाचूनही काय हाती लागतं ते ऐका. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी बाजारातली दहा गोठवलेली ‘कमी कॅलरीची’ जेवणं प्रयोगशाळेत नेऊन तपासली. २०१० साली त्याचा निष्कर्ष छापून आला : छापलेल्यापेक्षा सरासरी ८ टक्के ऊर्जा जास्त. हॉटेलांतल्या तसल्याच पदार्थांत १८ टक्के जास्त. आणि तिथला कायदा काय म्हणतो? छापल्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त भरलं तरी लेबल नियमात बसतं!

आमच्या बाजारात एखाद्यानं किलोला आठशे ग्रॅम ज्वारी घालून पाहावी. संध्याकाळपर्यंत त्याचा तराजू एकीकडे आणि तो दुसरीकडे असेल. वजनमापवाले येतात, वजनं तपासतात, शिक्का मारतात. दोन रुपयांच्या कोथिंबिरीच्या मापाला सरकारी शिक्का लागतो, आणि आजारी माणसाच्या जेवणातल्या मिठाचा आकडा मात्र कारखानदारानंच काढायचा आणि त्यानंच छापायचा!

कारखानदार म्हणतात, निसर्गाचा माल आहे, कमी-जास्त व्हायचंच. बरोबर आहे. पण नुसतीच चूक असेल तर ती दोन्हीकडे व्हायला हवी. कधी जास्त, कधी कमी. सरासरी नेमकी वरच का जाते? एक कारण मला भाबडं वाटतं, पण पटतं : वजन कमी भरलं तर दंड होतो, म्हणून डब्यात थोडं जास्तच भरतात. आमची भाजीवाली मावशी पारडं झुकवून वर मूठभर घालते, तिला आपण झुकतं माप म्हणतो आणि तिचं कौतुक करतो. पथ्याच्या डब्यात मात्र तेच झुकतं माप पाप ठरतं. जास्त द्या, पण जास्त दिलंय हे लिहा की!

आपल्याकडे २०२० चे लेबलाचे नियम आहेत. पोषणाचा तक्ता सक्तीचा आहे. पण सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की भागतं. मराठी हवी तर मर्जीनं. चिली देशात २०१६ पासून मीठ, साखर जास्त असलेल्या पाकिटावर समोरच काळा अष्टकोन छापावा लागतो. ज्याला वाचता येत नाही त्यालाही तो कळतो. आमच्याकडे वाचता येणाऱ्यालाही भिंग लागतं.

माझं मागणं फार नाही. अख्ख्या डब्याचा हिशेब समोर छापा, अर्ध्याचा नको. मीठ ‘मीठ’ म्हणूनच लिहा, चमच्यात सांगा, मराठीत सांगा. आणि सरकारनं दुकानातून डबे उचलून तपासावेत, निकाल नावानिशी जाहीर करावेत. वजनाला शिक्का, तसा आकड्याला शिक्का.

तोवर आमच्या घरातली आणीबाणी उठली आहे. ठेचा अजून स्थानबद्धच आहे, पण भाकरी सुटली. आळणी भाजी, एक भाकरी, आणि मीठ सौ. स्वतः चिमटीनं मोजून घालते. परवा सवयीनं मी विचारलं, “चिमटीत नक्की किती ग्रॅम?”

“ते मला नाही सांगता यायचं,” ती म्हणाली. “पण काल होतं तेवढंच आहे.”

बत्तीस वर्षांच्या नोकरीत इतकं प्रामाणिक उत्तर मला एकाही विद्यार्थ्यानं दिलं नव्हतं. मी तिला पैकीच्या पैकी दिले.