शेगडी आणि हीटर : सख्खे की चुलत?

बालमित्रांनो, थंडीच्या दिवसांत सकाळी चहाच्या आधणापाशी घुटमळायला कुणाला आवडत नाही? हात शेकतात, आल्याचा वास येतो! मग वाटतं, ही शेगडी झोपायच्या खोलीत नेली तर? थांबा! आज त्याबद्दलच बोलू या.

शेगडी आणि रूम हीटर दोघंही उष्णता देतात, पण कुणाला? शेगडीची सगळी धडपड भांडं तापवायची. इंडक्शन शेगडी बघा. तिच्यातल्या तारेच्या वेटोळ्यामुळे बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि थेट पातेल्याचं बूडच तापतं. भात शिजेल, पण खोली काही उबदार व्हायची नाही! विजेचा हीटर मात्र खोलीभर उष्णता पसरवतो. शिवाय त्यात काही जळत नाही.

कोळशाच्या शेगडीत मात्र जळतं, बरं का! लहानपणी आजोळी आजी निखाऱ्यांची शेगडी पडवीतच ठेवायची. "आत आण ना गं!" असा आम्ही हट्ट करायचो. ती म्हणायची, "दार लावून निखारे ठेवू नयेत रे, डोकं धरतं." कारण तिला सांगता यायचं नाही, पण तिचं म्हणणं अगदी खरं होतं.

जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम वासाचं द्रव्य मिसळतात, म्हणून गळती कळते. या वायूचा मात्र पत्ताच लागत नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्टपणे त्याला धरून बसतं. मग शरीराला प्राणवायू मिळणार कसा? डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. झोपलेला माणूस तर कधी कधी उठतच नाही. आणि लालभडक निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

जुन्या कौलारू घरात फटींतून हवा खेळायची. आजच्या फ्लॅटच्या खिडक्या घट्ट बंद होतात. म्हणून बंद खोलीत निखारे नकोतच. ऊब घ्यायला गॅसची शेगडीही पेटती ठेवू नये. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल, तर तिथेही हाच धोका. विजेचा हीटर पडदे आणि पांघरुणांपासून लांब ठेवा आणि झोपण्यापूर्वी बंद करा.

घरात काही जळत असताना सगळ्यांचंच डोकं दुखू लागलं, तर दार-खिडक्या उघडून सगळ्यांनी लगेच मोकळ्या हवेत जायचं आणि ११२ क्रमांकावर फोन करायचा.

येत्या रविवारी आईबाबांबरोबर घरभर फिरून पाहा. कुठे काय जळतं? तिथली हवा कुठून येते, कुठून जाते? आणि कुणी शेगडी आत आणून दार लावू लागलं, तर लहान तोंडी मोठा घास वाटला तरी बोला. त्या वेळी गप्प बसायचं नाही!