वायरिंगचा नकाशा गाडीसोबत द्या

स्वस्तातली ॲडव्हेंचर मोटारसायकल म्हणजे हौस, असं शहरात समजतात. माझ्यासाठी ती कामाची गाडी आहे. मी पशुवैद्यक आहे. राजूर, भंडारदरा, रतनवाडी, साम्रद, घाटघर या अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात माझी फिरती असते. श्रावण संपेपर्यंत इथल्या डांबरी रस्त्यावर खड्डेच जास्त असतात आणि तिथून वाडीपर्यंत नुसता मुरूम आणि दगड. साध्या गाडीचं पुढचं चाक अशा खड्ड्यात आपटलं की रिम वाकते आणि मागच्या पेटीतल्या औषधांच्या बाटल्या फुटतात. एकवीस इंची पुढचं चाक, जमिनीपासून वीस-बावीस सेंटिमीटर वर असलेलं इंजिन आणि खोलवर दबणारे शॉकॲब्सॉर्बर ही इथली गरज आहे. गेल्या दशकात अशी गाडी दोन-अडीच लाखांच्या आत मिळू लागली. माझ्यासारखे फिरतीवरचे कितीतरी लोक, वनरक्षक, शिक्षक, वायरमन, तिच्याकडे वळले ते याच कारणाने.

माझ्या गाडीचं नाव मी इथे लिहीत नाही. तक्रार एका कंपनीपुरती नाही.

ही गाडी चालायला उत्तम आहे, पण तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. पहिल्याच पावसाळ्यात ती चालता चालता बंद पडू लागली. हेडलाइट लागलेला, हॉर्न वाजतोय, सेल्फ मारला तर इंजिन फिरतं, पण चालू होत नाही. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की काहीच झालं नसल्यासारखी सुरू होते. माझा फोन वाजतो तो बहुतेक वेळा गाय अडली म्हणून. वासराचे पाय मागे दुमडलेले असतील तर पंधरा-वीस मिनिटांच्या उशिरानेही वासरू जाऊ शकतं, कधी गाईचाही जीव धोक्यात येतो. एका डांगी गाईच्या मालकाने माझी वाट बघत काढलेली ती रात्र मला आजही बोचते.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर आमच्यापासून दीड तासावर. तिथे गाडी नेली की ती शहाण्यासारखी चालते. प्लग बदलला, फिल्टर बदलला, मग रिले बदलली आणि शेवटी सांगण्यात आलं की ईसीयू, म्हणजे गाडीचा संगणक, बदलावा लागेल. तो मागवायचा, कधी येईल ते सांगता येणार नाही, आणि वॉरंटीत बसेल की नाही तेही वरून कळेल.

शेवटी राजूरच्या एका मेकॅनिककडे गेलो. त्याने आधी पान्याला हातच लावला नाही. बंद पडते तेव्हा चढ असतो की उतार? वळणावर पडते की सरळ रस्त्यावर? गाडी गरम असते का? जनावर तपासायच्या आधी मी मालकाला हेच विचारतो, कधीपासून खात नाही, पाणी पिते का, शेण कसं आहे. तेव्हाच मला वाटलं, हा माणूस रोग शोधणार.

मग त्याने मल्टिमीटर काढला. इंजिन बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर, चालू करून रेस दिल्यावर चौदाच्या वर. म्हणजे चार्जिंग ठीक. मग चावी फिरवून कान टाकीला लावला. इंजेक्शनच्या गाडीत चावी ऑन केली की पेट्रोलचा पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. तो आवाज आला. इंजिन चालू ठेवून त्याने हँडल अगदी डावीकडे वळवलं आणि गाडी बंद! चावी पुन्हा फिरवली, पंप गप्प. हँडल सरळ केलं, पंप बोलला. भंडारदऱ्याच्या वळणांवरच गाडी का मरते, ते तिथे समोर दिसलं.

पण तार कोणती? हँडलकडून चेसिसकडे जाणाऱ्या जुडग्यात ढीगभर तारा होत्या आणि कोणत्या रंगाची कुठे जाते याचा नकाशा कुठेच नव्हता. मालकाला मिळणाऱ्या पुस्तिकेत टायरमधली हवा आणि ऑइलची पातळी आहे, वायरिंग नाही. त्याने टाकी उतरवली, जुडग्यावरची टेप सोलली आणि एकेक तार मीटरवर वाजवून बघत बसला. दुपार गेली. सापडली ती किल स्विचची, म्हणजे हँडलवरून इंजिन बंद करायच्या बटणाची तार, हँडल जिथे वळतं त्या कोनसेटपाशी चेसिसला घासणारी. वरचं प्लास्टिक जवळजवळ शाबूत, आतलं तांबं तुटून हिरवं पडलेलं. ओल शिरली आणि हँडल वळलं की संगणकाचा करंटच जायचा. म्हणजे संगणक धडधाकट होता. त्याने तार कापून झाळली, स्लीव्ह चढवली, जुडग्याला थोडी ढील देऊन वेगळ्या बाजूने बांधलं. खर्च दोनशे रुपयांच्या आत. त्यानंतर ती तक्रार परत आलेली नाही.

या माणसाची दुपार वाया घालवण्याचा हक्क कंपनीला कोणी दिला? नकाशा असता तर हे काम अर्ध्या तासाचं होतं. स्वस्त गाडीत काही गोष्टी साध्या असणार, हे मला मान्य आहे. टायर साधे द्या, स्विच साधे द्या, रंग साधा द्या. पण वायरिंगच्या नकाशाला पैसे पडत नाहीत. तो कंपनीकडे तयारच असतो. तो दडवण्यात किमतीचा काही संबंध नाही. गिऱ्हाईक आपल्याच दारात परत यावं, यासाठी तो दडवला जातो.

हा प्रश्न कार्बोरेटरच्या काळात नव्हता. तेव्हा जेटमधली घाण बारीक तारेने काढली की गाडी चालायची. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष आले आणि दुचाकीतही सगळीकडे सेन्सर आणि संगणक आले. हवा स्वच्छ राहते, मायलेज सुधारतं, मी या बदलाच्या बाजूचा आहे. शिवाय संगणक स्वतःच्या दोषाची नोंद ठेवतो, मीटरवरचा पिवळा दिवा त्यासाठीच असतो. मेकॅनिकच्या हातात यापेक्षा चांगलं साधन कोणतं? मात्र त्या दिव्यामागचा कोड वाचायचा स्कॅनर आणि कोडचा अर्थ हे दोन्ही सर्व्हिस सेंटरच्या काउंटरपलीकडे कुलपात आहेत. राजूरचा मेकॅनिक अडाणी राहावा अशी ही व्यवस्था आहे, आणि मग तोच अडाणी आहे म्हणून वॉरंटी नाकारायची.

युरोपीय संघाच्या २०१३ च्या दुचाकीविषयक नियमावलीत दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली ठेवण्याचं बंधन उत्पादकांवर आहे. युरोपात गाडी विकायची तर तिथे ते पाळावंच लागतं. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि निदानाची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांपर्यंत पोचू दिली जात नाहीत, हाच ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या. ते प्रकरण चारचाकींचं होतं, त्यात खेड्यापाड्यात माणसं ज्या दुचाकीवर जगतात तिच्याकडे कोणी बघितलंच नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. पोर्टलवर काय टाकायचं ते कंपनीच्या मर्जीवर सोडून भागणार नाही, त्याचा कायदा हवा. गाडी विक्रीला आली त्या दिवशी तिचा वायरिंगचा नकाशा, कोडचा तक्ता आणि वर्कशॉप मॅन्युअल मोफत आणि मराठीतही मिळालं पाहिजे. स्कॅनर वाजवी किमतीत कुठल्याही गॅरेजला विकत घेता आला पाहिजे. आणि बाहेरच्या मेकॅनिकने कपलर उघडला एवढ्यावरून वॉरंटी नाकारता येऊ नये. त्याच्या हातून नुकसान झालं, तर ते कंपनीने दाखवून द्यावं.

याला जोडून एक कायदा आधीच आहे, त्याचा वापर होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतून कलम ११०-अ आलं. १ एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांनुसार सात वर्षांच्या आतल्या वाहनात सुरक्षेला बाधा आणणारा दोष असेल, तर ती वाहनं परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकतं आणि कंपनीला एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. घाटाच्या वळणावर, मागून ट्रक येत असताना बंद पडणारं इंजिन सुरक्षेचा प्रश्न नाही तर काय आहे? पण आदेश निघायला तक्रारींची संख्या जमावी लागते. ती जमत नाही, कारण आपण काउंटरवर तोंडी सांगतो आणि जॉबकार्डवर तिथला माणूस ‘जनरल चेकअप’ लिहितो.

म्हणून अशी गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांना माझी विनंती आहे. जॉबकार्डवर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहवून घ्या: कुठे बंद पडली, पाऊस होता का, हँडल कोणत्या बाजूला होतं. त्याचा फोटो काढूनच सही करा. दोष परत आला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला फी लागत नाही. आणि तुमच्या गावच्या मेकॅनिकने दोष शोधून काढला असेल, तर कोणती तार कुठे तुटली होती ते कागदावर लिहून, त्याची सही घेऊन तो कागदही तक्रारीला जोडा.