गटार तुंबते, मालक सुटतो

गृहनिर्माण संस्थेचे गटार तुंबले की चिटणीस ठेकेदाराला निरोप धाडतात, ठेकेदार मुकादमाला सांगतो आणि मुकादम नाक्यावरून दोन-तीन माणसे घेऊन येतो. काम पार पडले तर पावती संस्थेच्या दप्तरात जाते. माणूस दगावला तर मात्र तो कोणाचाच नसतो. संस्था म्हणते, आम्ही ठेका दिला होता. ठेकेदार म्हणतो, तो आपण होऊन उतरला. नगरपालिका म्हणते, जागा खाजगी आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडी येथील एका खाजगी सोसायटीच्या मैलाटाकीत तीन मजूर मृत्युमुखी पडले. त्यांच्या विधवांना भरपाईसाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच अशा प्रत्येक मृत्यूमागे दहा लाख रुपये देण्याचे बंधन घातले होते. तरीही ही रक्कम शासनाने द्यावी, असा आदेश मिळण्यास सप्टेंबर २०२१ उजाडले.

अशा मृत्यूंना वृत्तपत्रे 'दुर्घटना' म्हणतात. हा शब्द आम्हाला मान्य नाही. बंद टाकीत मैला कुजला की हायड्रोजन सल्फाईड तयार होतो, आणि गाळ ढवळताच तो उसळून वर येतो. थोडा असला तर त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. धोका टळला असे वाटते त्याच क्षणी माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यामागून तिसरा. हे सारे आधीच ठाऊक असताना कोणालाही खाली उतरवणे याला दुर्घटना म्हणता येत नाही.

कायदा याबाबत मुका नाही. २०१३ च्या कायद्याच्या सातव्या कलमाने कोणाही व्यक्तीला, स्थानिक संस्थेला वा यंत्रणेला गटार किंवा मैलाटाकीच्या धोकादायक सफाईसाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे माणूस लावण्यास मनाई केली आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. 'अप्रत्यक्षपणे' हा एकच शब्द ठेक्याआड दडणाऱ्या मालकाला बाहेर ओढण्यास पुरेसा आहे. मात्र याच कायद्यात एक पळवाटही आहे: संरक्षक साधने दिली आणि खबरदारी घेतली, तर ती सफाई 'धोकादायक' ठरत नाही. मग रबरी हातमोज्यांची एक जोडी दाखवून ठेकेदार मोकळा होऊ पाहतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई तीस लाखांवर नेली आणि ही प्रथा समूळ संपवण्यास सांगितले. परंतु भरपाई ही मृत्यूनंतरची गोष्ट आहे. मृत्यू टाळण्याची जबाबदारी आधी कोण घेणार, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाला जात चिकटलेली आहे हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे. १९४९ साली मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या परिस्थितीची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली. त्याला पाऊणशे वर्षे उलटून गेली. तरीही खाली उतरणारा माणूस कोणत्या वस्तीतून येतो, हे मुकादमाला विचारावे लागत नाही. स्वस्त मजुरी आणि अस्पृश्यता यांची ही जुनी भागीदारी आता ठेक्याच्या नव्या नावाने चालू आहे.

आमच्या कार्यकर्त्यांपैकी अनेकजण अशाच सोसायट्यांत राहतात, काही त्यांच्या कार्यकारिणीवरही आहेत. तेव्हा आरंभ स्वतःच्या दारापासून व्हावा. सर्वसाधारण सभेत ठराव करावा की, आमच्या टाकीत कोणत्याही परिस्थितीत माणूस उतरणार नाही. उपसा पंपाने व टँकरनेच होईल, आणि यंत्राचा दर परवडत नाही ही सबब ऐकली जाणार नाही. नगरपालिकांकडे मागणी करावी की, यंत्रे त्यांनी पुरवावीत, घरे, दुकाने व हॉटेले यांच्यासाठी दर जाहीर करावेत, अरुंद गल्ल्यांतून जाणारी लहान यंत्रे घ्यावीत आणि या कामावरील माणसांना ठेक्यावर न ठेवता कायम करावे. मृत्यू घडला तर गुन्हा ठेकेदारापाशी न थांबता ज्याची टाकी त्याच्यापर्यंत पोहोचतो की नाही, यावर कामगार संघटनांनी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावे.

गटार सर्वांचे असते. ते साफ करताना मरण्याचा वाटा मात्र एकाच समाजाच्या पदरी पडतो. ही वाटणी मोडणे हे आपले काम आहे.