महालातलं नवं केलेलं जुनं घर: घ्यावं की सोडावं?



मागच्या बॅचनंतर एक ताई थांबल्या. शिवणकामाचा व्यवसाय, तीन मशीन, दोन मुली कामाला. मोबाइलमध्ये घराचे फोटो होते. "सर, महालात घर पाहिलं. खाली दुकान, वर राहणं. एकदम नवीन केलंय, ६२ लाख म्हणतात. घेऊ का?"

फोटो छान होते. पांढऱ्या टाइल्स, पीओपीचं छत, मॉड्युलर किचन. मी एकच विचारलं, "आठ महिन्यांपूर्वी हे घर कसं होतं?" ताईंना माहीत नव्हतं. आजचा लेख त्या एका प्रश्नावर आहे.

जुनं घर स्वस्तात घ्यायचं, रंगरंगोटी आणि दुरुस्ती करायची आणि लगेच चढ्या भावात विकायचं, याला आता सगळे 'फ्लिप करणं' म्हणतात. यात वाईट काही नाही. जुनी स्कूटर घेऊन इंजिन दुरुस्त करून विकणारा मेकॅनिकही हेच करतो. प्रश्न एवढाच, की इंजिन खरंच दुरुस्त केलंय, की फक्त रंग मारलाय?

महालच का वेगळा?

महाल म्हणजे भोसल्यांच्या राजधानीचा जुना भाग. गांधी गेटच्या आत शिरलं की वाडे, बोळी, एकमेकांना चिकटलेली घरं. जुन्या घरांत विटा, चुना-माती, सागवानाची तुळई, वर कवेलू. बडकस चौकापासून चालत जा, एका वाड्याचे चार-पाच भाग झालेले दिसतील. पुढे दुकान, मागे एक भाऊ, वर दुसरा भाऊ आणि मधल्या खोलीत चाळीस वर्षांचा भाडेकरू.

म्हणजे इथल्या घराला दोन वयं असतात. एक भिंतीचं आणि एक कागदाचं. फ्लिप करणारा माणूस भिंतीचं वय चार महिन्यांत लपवू शकतो. कागदाचं वय मात्र कुठल्याही पुट्टीने लपत नाही. आपल्याला ते तपासता येतं, पण आपण तपासत नाही.

आधी फायद्याची बाजू

मी या घरांच्या सरसकट विरोधात नाही. चला, हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे वेगळे असतील.

समजा, जुनं घर ४० लाखांना मिळतं. मुद्रांक शुल्क ७ टक्के धरलं तर २.८० लाख, नोंदणी फी ३० हजार, दलाली ४० हजार. दुरुस्ती तुम्ही स्वतः केली तर ८ लाख. एकूण ५१.५० लाख. वर आठ महिने तुमचं सध्याचं भाडं भरावं लागेल, ते ६४ हजार धरा. साधारण ५२ लाख झाले.

तेच घर तयार घेतलं तर ६२ लाख, त्यावर शुल्क ४.३४ लाख, नोंदणी ३० हजार, दलाली ६२ हजार. एकूण ६७ लाखांच्या पुढे. म्हणजे सोयीची किंमत १५ लाख!

"मग सर, तयार घर घेणारे वेडे आहेत का?" नाही. आता खिशातली रक्कम बघा. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च आपलाच. ६२ लाखांच्या घराला तुमचे १२.४० लाख आणि वरचा खर्च ५.२६ लाख, म्हणजे १७.६६ लाख रोख लागतात. ४० लाखांच्या घराला तुमचे ८ लाख, वरचा खर्च ३.५० लाख आणि दुरुस्तीचे ८ लाख खिशातून. झाले १९.५० लाख, भाडं वेगळं.

बघा गंमत. महाग घराला रोख कमी लागते! कारण दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीत मिसळून बँकेकडून येतो. शिवाय आठ महिने मिस्त्रीच्या मागे धावायचं नाही, धंदा बंद ठेवायचा नाही. धंदेवाल्या माणसासाठी हा खरा फायदा आहे.

आता हप्ता बघा

पण कर्ज किती झालं? एकीकडे ३२ लाख, दुसरीकडे ४९.६० लाख. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर हप्ता सुमारे २७,८०० विरुद्ध ४३,०००. फरक महिन्याला १५ हजार.

१५ हजार म्हणजे शिवणकामाच्या दुकानात एका माणसाचा पगार. दिवाळीत गिऱ्हाईक असतं, हप्ता सहज निघतो. पितृपक्षात आणि भर उन्हाळ्यात काय? हप्त्याला मंदी कळत नाही. म्हणून पहिला नियम: गेल्या वर्षीच्या सगळ्यात वाईट तीन महिन्यांची कमाई काढा. त्यातून हप्ता निघत असेल तरच पुढचं वाचा.

अजून एक. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस तुमच्या मॉड्युलर किचनवर फिदा होत नाही. त्याने घर ५४ लाखांचं ठरवलं, तर बँक ५४ च्या हिशेबाने कर्ज देते. वरचे ८ लाख तुमचे. म्हणून बयाणा देण्याआधी बँकेचं मूल्यांकन करून घ्या.

भिंत काय सांगते

माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी ऑफिससाठी जुन्या नागपुरात अशीच एक नवी केलेली जागा भाड्याने घेतली. पाहिली मे महिन्यात. ४५ अंशांच्या उन्हात कुठली भिंत ओली दिसणार? ऑगस्टमध्ये मागच्या भिंतीचा रंग पापडासारखा सुटला. आत चुन्याची जुनी भिंत होती आणि वरून सिमेंटचा गिलावा मारला होता. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट लावलं की ओल आत अडकते आणि मग रंगासकट बाहेर पडते. मी भाडेकरू होतो, सामान उचललं आणि निघालो. मालक असतो तर?

म्हणून घर पावसाळ्यात बघा. विक्रेता म्हणेल, "तोपर्यंत घर जाईल." जाऊ द्या. एवढं थांबायचंच नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला सोबत न्या. काही हजारांत ६२ लाखांचं उत्तर मिळतं. त्याला पीओपीच्या वर काय आहे ते बघायला सांगा. जुनी तुळई आहे का, तिला वाळवी लागली आहे का? शेजाऱ्याशी सामाईक भिंत कोणती आणि तिला हात लावलाय का? नालीचं पाणी कुठे जातं?

आणि वायरिंग! नवीन स्विच म्हणजे नवीन वायर नव्हे. तुमच्या तीन मशीन, इस्त्री आणि कूलर एकत्र चालणार आहेत. मीटरचा मंजूर भार किती, हे वीजबिलावर लिहिलेलं असतं. दुकानासाठी महावितरणचा व्यावसायिक दर आणि महानगरपालिकेचा मालमत्ता कर वेगळा लागेल, तोही हिशेबात धरा.

कागद काय सांगतो

इथे नीट लक्ष द्या. फ्लिप करणाऱ्याला घर आपल्या नावावर करायचं तर आपल्या उदाहरणात ३.१० लाख शुल्क भरावं लागतं. ते वाचवायला काही जण फक्त इसारपत्र आणि मुखत्यारपत्र घेतात, दुरुस्ती करतात आणि रजिस्ट्री मूळ मालकाकडून थेट तुम्हाला करून देतात.

यात तुमचं काय जातं? पहिलं, मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं आहे. दुसरं, तुमच्या खरेदीखतात विक्रेता म्हणून मूळ कुटुंबाचं नाव येतं आणि दुरुस्ती करणारा कागदावर कुठेच नसतो. उद्या छत गळलं तर मूळ मालक म्हणेल, "मी कुठे काम केलं?"

नवीन प्रकल्पात रेरा कायद्यामुळे बांधकामातल्या दोषांसाठी बिल्डर पाच वर्षं जबाबदार असतो. एकट्या जुन्या घराच्या दुरुस्तीला सहसा हे कवच मिळत नाही. जे काय मिळेल ते तुमच्या करारात लिहून घेतलेलं असेल तेवढंच.

मग काय बघायचं?

१. इंडेक्स टू. आजच्या विक्रेत्याच्या नावाने नोंदलेलं खरेदीखत आहे का? वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या.

२. आखीव पत्रिका. सिटी सर्व्हेच्या या कागदावर कोणाकोणाची नावं आहेत? वडिलोपार्जित वाड्यात मुलींचाही हक्क असतो. २००५ ची दुरुस्ती आणि २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही तेच सांगतात. सगळ्या बहिणींच्या सह्या किंवा नोंदलेली हक्कसोडपत्रं मागा.

३. भाडेकरू. मालक बदलला म्हणून भाडेकरूचं संरक्षण संपत नाही. पुढच्या दुकानाचं जुनं बिल, जुनी पाटी, शेजाऱ्यांचं बोलणं, सगळं तपासा.

४. मंजूर नकाशा आणि रस्त्याची रेषा. वरचा मजला नकाशात आहे का? विकास आराखड्यात समोरचा रस्ता किती रुंद होणार आहे? केळीबाग रोडच्या रुंदीकरणाचा विषय महालात कोणाला सांगायला नको. तुमचं दुकानच पुढच्या दहा फुटांत असेल तर?

५. घराची किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून भरणं ही खरेदीदाराची जबाबदारी आहे. आणि ताईंच्या नावावर राहतं घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ६२ लाखांवर ६२ हजार वाचतात!

माझं मत

महालात असं घर घ्या, पण तीन गोष्टी जुळल्या तरच. विक्रेत्याने स्वतःच्या नावावर रजिस्ट्री केलेली असावी. दुरुस्तीआधीचे फोटो आणि कामाची बिलं तो दाखवत असावा. आणि दुरुस्तीनंतर घराने एक पावसाळा पाहिलेला असावा. प्रामाणिकपणे काम करणाऱ्याला हे तीनही जड नाहीत. उलट तो स्वतःच फोटो काढून दाखवेल, कारण त्याची मेहनत त्यातच दिसते. अशा माणसाला त्याचा नफा द्या, घासाघीस कमी करा. आपणही धंदेवाले आहोत, कष्टाचा नफा आपल्याला कळतो.

एक जरी गोष्ट जुळली नाही तर माझा सल्ला: जुनं घर जुनं म्हणूनच घ्या. पहिल्या वर्षी फक्त छत, नाली, वायरिंग आणि पुढची खोली करा. पुढच्या खोलीत दुकान सुरू करा. मागचं किचन दुकानाच्या कमाईतून होईल. दिसायला उशीर लागेल, पण हप्ता तुमच्या मानेवर बसणार नाही.

ताईंचं काय झालं? त्यांनी विक्रेत्याला आधीचे फोटो मागितले. तो म्हणाला, "मॅडम, आता नवीन झालंय ना, जुनं कशाला बघता?" ताईंनी बयाणा दिला नाही. त्या अजून भाड्याच्याच दुकानात आहेत, पण चौथी मशीन घेतली आहे.

तुम्ही घर बघायला जाल तेव्हा तोच प्रश्न विचारा. भेटूया पुढच्या व्हिडिओत.