डोळ्यांखालील काळिमा आणि आमचा डोळसपणा

आमच्या समाजांत मुलीच्या डोळ्यांत काय आहे हें पाहणारे थोडे, पण डोळ्यांखालीं काय आहे हें पाहणारे पुष्कळ. गेल्या लग्नसराईंत मुलुंडच्या एका मंगल कार्यालयांत प्रस्तुत लेखकाच्या भाचीस तीन वडीलधाऱ्या बायकांनीं, पंगत बसण्यापूर्वींच, एकच प्रश्न विचारला: "काय गं, डोळ्यांखालीं हें काळें कसलें?" तिला थकवा येतो काय, भूक लागते काय, हें तिघींपैकीं एकीनेंही विचारलें नाहीं. एकीनें बटाट्याचा रस सुचविला, दुसरीनें घाटकोपरचा एक सौंदर्य-दवाखाना सुचविला, आणि तिसरीनें आवाज खालीं आणून तिच्या आईस बजाविलें, "आतां स्थळें येतील, वेळींच बघा." प्रश्न क्षुल्लक दिसतो खरा; परंतु त्याच्या पोटीं जो व्यापार चालला आहे आणि जी मनोवृत्ति पोसली जात आहे, ती क्षुल्लक नाहीं. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

माझें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. डोळ्यांखालील काळिमा हा कोणी एक रोग नव्हे. अनेक भिन्न कारणांना मिळालेलें तें एक नांव आहे. कारण न शोधतां त्यावर उपाय विकणें ही फसवणूक होय, आणि कारण न विचारतां तो उपाय विकत घेणें हा आम्हां सुशिक्षितांचा अडाणीपणा होय. यांतला दुसरा अपराध मला अधिक खुपतो, कारण तो मीं स्वतः केला आहे.

प्रथम कारणें पाहूं. खालच्या पापणीची त्वचा ही शरीरांतील सर्वांत पातळ त्वचांपैकीं एक. तिची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तिच्याखालीं चरबीचा थर जवळजवळ नसतोच. लगेच स्नायु आणि रक्तवाहिन्या. तेव्हां कित्येकांच्या डोळ्यांखालीं जो निळसर-जांभळा रंग दिसतो तो त्वचेचा नसून आंतून दिसणारा असतो. दुसरा प्रकार रंगद्रव्याचा. मेलॅनिन नांवाचें जें द्रव्य आम्हांस सांवळेपणा देतें तेंच या जागीं अधिक सांचतें; हा वारसा आईबापांकडून येतो आणि हिंदी लोकांत तो सर्रास आढळतो. तिसरा प्रकार निव्वळ सांवलीचा: डोळा आणि गाल यांच्यामध्यें जो खळगा असतो तो वयाबरोबर खोल होतो व त्यांत अंधार सांठतो. चौथा प्रकार चोळण्याचा: धुळीनें किंवा परागांनीं ज्यांना शिंका येतात, डोळे खाजतात, त्यांच्या रोजच्या चोळण्यानें त्वचा दाट व काळी होते. काजळाचा किंवा केसांच्या कलपाचा वावडा हेंही एक कारण असूं शकतें. २०११ सालीं सिंगापूर येथील त्वचावैद्यांनीं दोनशें रुग्ण तपासून जें वर्गीकरण प्रसिद्ध केलें, त्यांत रक्तवाहिन्यांचा आणि उपजत रंगाचा हे दोन प्रकारच बहुसंख्य ठरले. मग ज्या जागरणास आम्ही उठल्याबसल्या दोष देतों त्याचें काय? जागरणानें चेहरा फिकट पडतो, पापण्या सुजतात, आणि मुळांत असलेला काळिमा अधिक उठून दिसतो. एवढाच त्याचा बहुधा वांटा. प्रत्येक काळ्या वर्तुळावरून मुलीच्या मोबाइलवर घसरणाऱ्या मामांनीं (त्यांत मीही आलों) हें ध्यानांत ठेवावें.

जिज्ञासु वाचकानें आरशासमोर उभें राहून बोटानें ती त्वचा हलकेच ताणून पाहावी. रंग तसाच राहिला तर तो बहुधा रंगद्रव्याचा. ताणल्यावर जांभळेपणा अधिक दिसला तर रक्तवाहिन्यांचा. समोरून उजेड घेतांच नाहींसा झाला तर सांवलीचा. ही परीक्षा पक्की नव्हे, आणि पुष्कळांत दोन-तीन प्रकार एकत्र नांदतात. परंतु जो दवाखाना एवढीही परीक्षा न करतां सहा बैठकींचा दर सांगतो, तो कशाचा दवाखाना?

माझ्या भाचीस असाच दर सांगण्यांत आला, आणि पैसे मीं भरले. लेझरच्या दोन बैठका झाल्या, आणि त्वचा उजळण्याऐवजीं अधिक काळवंडली. सांवळ्या त्वचेस भाजल्यासारखी इजा झाली कीं ती बरी होतांना आणखी काळी होते, हा धोका त्वचाशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास शिकविला जातो. आम्हांस तो कोणीं सांगितला नाहीं. पुढें ती एका सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागांत गेली. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनीं चार प्रश्न विचारले: सकाळीं शिंका येतात काय, डोळे चोळतेस काय, पाळी किती दिवस जाते, आणि घरांत आणखी कोणाचे डोळे असे आहेत काय? रक्त तपासलें तेव्हां हिमोग्लोबिन नऊच्या घरांत निघालें. आणि चौथ्या प्रश्नाचें उत्तर मीं घरीं येऊन जुन्या छायाचित्रांत शोधलें. माझ्या आईचे डोळे अगदीं तसेच होते. जें पुसून टाकण्यासाठीं मीं पैसे मोजले होते, तें माझ्या आईचें देणें होतें.

आतां बाजारांतले इतर उपाय. व्हिटॅमिन सी किंवा रेटिनॉल यांचीं मलमें रंगद्रव्यावर थोडा परिणाम करतात, पण महिनोन्महिने लावून. हायड्रोक्विनोन वैद्याच्या देखरेखीखालीं ठीक, परंतु वर्षानुवर्षें फांसलें तर तेंच निळसर-काळे डाग पाडतें. खळग्यांत हायल्युरॉनिक ॲसिड भरल्यानें सांवली कमी होते, तीही कांहीं काळच. आणि तें चुकून रक्तवाहिनींत गेल्यास, क्वचित् कां होईना, दृष्टि जाऊं शकते. काकडीचा थंडावा सूज उतरवितो, रंग उतरवीत नाहीं; आणि लिंबाचा रस तर त्वचा जाळून तो वाढवितो. कोणाही प्रामाणिक वैद्याकडून प्रथम ऐकूं येईल तें असें: उन्हापासून जपा, चोळूं नका, वावडें असेल तर त्याचें औषध घ्या. यांत कोणाला फारसा नफा नाहीं, म्हणून याची जाहिरात नाहीं.

जेथें नफा आहे तेथें काय घडतें याचा मासला अकोल्यास मिळाला. एका कुटुंबांतील आई व दोन मुली यांनीं गोरें करणारें एक क्रीम वापरलें आणि तिघींचीं मूत्रपिंडें बिघडलीं, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत शोध लागला तेव्हां त्या क्रीममध्यें पारा निघाला. ही बातमी २०२३ च्या जानेवारींतली. त्यापूर्वीं, २०१८ सालीं, स्टिरॉइडयुक्त मलमें चिठ्ठीवांचून विकूं नयेत म्हणून सरकारला नियम कडक करावा लागला होता, इतका त्यांचा सुळसुळाट झाला होता.

यावर असा आक्षेप येईल कीं, सुंदर दिसण्याची इच्छा म्हणजे काय पाप? मुळींच नाहीं. ज्या रघुनाथराव कर्व्यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवून शरीराविषयीं निःसंकोच बोलण्याचा धडा मराठी वाचकांस दिला, त्यांच्या मुंबईंत राहून मीं पावडर-लालीवर सोंवळेपणानें कां रागवावें? उलट, कन्सीलर हा मला या सर्व उपायांत प्रामाणिक वाटतो. तो झांकतों म्हणतो आणि झांकतो. बरें करतों असें म्हणत नाहीं. जाणत्या बाईनें सर्व धोके समजून लेझरही करून घ्यावा. तो तिचा अधिकार. माझा आक्षेप तिच्या इच्छेवर नाहीं. ती इच्छा भयांतून पिकविली जाते, आणि तें भय आम्ही घरांतलींच माणसें पेरतों, यावर आहे.

आणि या भयाच्या गोंगाटांत खरा थकवा कोणास ऐकूं येत नाहीं. ५ मे १९९२ रोजीं चर्चगेट ते बोरीवली अशी केवळ स्त्रियांसाठीं लोकल सुरू झाली. उपनगरांतल्या नोकरदार स्त्रिया किती वाढल्या होत्या, याची ती साक्षच होती. त्यांच्या गाडींत आजही कोणी भाजी निवडते, कोणी उभ्याउभ्याच डुलकी घेते. पहांटे डबे भरून निघालेली ही बाई रात्रीं सर्वांचीं ताटें वाढून मग आपलें घेते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यांचें रक्त सुधारलें म्हणजे काळिमा जाईलच असें मी म्हणत नाहीं. पण ज्या घरांत डोळ्यांखालच्या रंगाची चौकशी होते आणि रक्ताची होत नाहीं, त्या घराचा डोळसपणा कोणत्या जातीचा, हें वाचकांनींच ठरवावें.

अंधेरीस ज्या कंपनीचें मुख्य कार्यालय आहे, त्या हिंदुस्तान युनिलिव्हरनें २०२० सालीं आपल्या प्रसिद्ध क्रीमच्या नांवांतून 'फेअर' हा शब्द काढून 'ग्लो' घातला. कंपनीनें निदान शब्द बदलला. आमच्या पंगतींतला प्रश्न मात्र जशाचा तसा आहे. तो बदलण्यास कायदा नको, दवाखाना नको, पैसाही नको. पुढच्या लग्नांत एखाद्या मुलीच्या डोळ्यांखालीं काळें दिसलें तर तिला एवढेंच विचारावें, "जेवलीस का गं?" आणि उत्तर येईपर्यंत थांबावें.