एका रुपयाचा हक्क



दरवर्षी १४ एप्रिलची जयंती पार पडली की आठ-पंधरा दिवसांत आपल्या बुद्धविहारात जमाखर्च वाचला जातो. वर्गणी किती जमली, मंडपवाल्याला किती गेले, खिरीच्या दुधाला किती लागले, सारे फळ्यावर लिहिले जाते. अकरा रुपये देणारी आजीसुद्धा उठून विचारते, "माझं नाव कुठंय?" आणि खजिनदाराला ते दाखवावे लागते. ही आपल्या वस्तीची शिस्त आहे आणि आम्हाला तिचा अभिमान वाटतो.

पण जयंतीच्या काही हजारांचा हिशेब पै-पैने मागणारे आपण, आपल्या मतावर आमदार होणाऱ्याच्या लाखोंचा हिशेब कधी मागतो का?

तो मागता येतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ प्रमाणे प्रत्येक उमेदवाराने, मग तो निवडून येवो अथवा पडो, निकालापासून ३० दिवसांत आपल्या खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे दिला पाहिजे. विधानसभेसाठी महाराष्ट्रात खर्चाची मर्यादा जानेवारी २०२२ मध्ये ४० लाख रुपये ठरली, लोकसभेसाठी ९५ लाख. हिशेब आला की दोन दिवसांत तशी नोटीस कार्यालयाच्या फलकावर लावायची असते. आणि १९६१ च्या निवडणूक नियमांत एक साधे कलम आहे : कोणीही व्यक्ती एक रुपया भरून हा हिशेब पाहू शकते आणि ठरलेली फी भरून त्याची साक्षांकित नक्कल घेऊ शकते. 'कोणीही' म्हणजे वकील नको, पत्रकार नको. गिरणीतला कामगार चालतो, धुणीभांडी करणारी बाईही चालते.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर आम्ही वस्तीतील दोन तरुणांना घेऊन हा रुपया भरायला गेलो. तेथील बाबूंनी आमच्याकडे जरा चमकून पाहिले. "कशाला पाहिजे?" म्हणाले. आम्ही नियमाचा कागद पुढे केला. अर्ध्या तासाने फाईल आली. आमचे आयुष्य कारकुनीत गेले, त्यामुळे खतावणी पाहिली की आम्हाला घरी आल्यासारखे वाटते. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड, पिवळ्या पानांवर बँकेचा व्यवहार, आणि मागे पावत्या.

आमच्या मैदानावर सभा झाली होती ती तारीख आम्ही शोधून काढली. मंडप होता, खुर्च्या होत्या, चहा होता, एका दिवसाच्या लाऊडस्पीकरचे भाडे होते. खुर्च्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या त्यापेक्षा बऱ्याच कमी होत्या, ते सोडा. सभेच्या आठवडाभर आधी आपल्या तरुण मंडळाला 'भेट' म्हणून जो साऊंड सेट मिळाला, तो मात्र कुठल्याच पानावर नव्हता. आमच्यासोबतचा एक तरुण एकदम गप्प झाला. तो सेट टेम्पोतून त्यानेच उतरवून घेतला होता.

रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात हे सारे सांगितले. थोडा वेळ कोणी बोलेना. मग महिला मंडळातील एक ताई उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, मग आमच्या साड्या कोणत्या पानावर होत्या?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. साड्या कोणत्याच पानावर नसतात, नोटांची पाकिटेही नसतात, कारण मतासाठी देणे हा गुन्हा आहे. आणि घेणे हाही गुन्हाच आहे, हे आपण सोयीने विसरतो. आपण हिशेब मागत नाही त्याचे खरे कारण इथे आहे. हिशेबाच्या वहीत जे लिहिलेले नाही, त्यात आपलेही नाव दडलेले असते. घेणाऱ्याची जीभ विचारताना अडखळते.

अर्थात सगळा दोष वस्तीच्या माथी मारणे हाही अन्यायच. साडी घेणारीपेक्षा मोठे पैसे देणारा आणि घेणारा वर बसलेला आहे, आणि नियम त्याला सांभाळून घेतात. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्या खर्चात धरला पाहिजे. महिना उलटायच्या आत सरकारने वटहुकूम काढून कायदाच बदलला. २००३ मध्ये ही सूट काहीशी आवळली गेली, पण पक्षाच्या एकूण खर्चाला मर्यादा घातली गेली नाही. उमेदवाराच्या चहाचा कप मोजायचा आणि पक्षाच्या जाहिरातींचा पूर मोजायचा नाही, असा हा न्याय आहे.

देणग्यांचेही तसेच. २०,००० रुपयांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव पक्षाला आयोगाकडे कळवावे लागत नाही. २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले, तेव्हा तर कोट्यवधी देणाऱ्याचे नावही मतदारापासून झाकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ती योजना घटनाबाह्य ठरवली. पक्षाला पैसा कोण देतो हे जाणण्याचा मतदाराला हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले. स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. न्यायालयाने ती नाकारली आणि मार्च महिन्यातच नावे जगासमोर आली. काही दिवसांत देता येण्याजोगी माहिती सहा वर्षे झाकून ठेवली होती, हे यावरून कळते.

आता नियम सुधारायचे तर काय सुधारावे? आम्हाला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, मुदत. हिशेब द्यायला उमेदवाराला ३० दिवस, आणि निवडणुकीला आव्हान देणारी याचिका करायला निकालापासून ४५ दिवस. म्हणजे शेवटच्या दिवशी आलेला हिशेब वाचून, तपासून, वकील गाठून कोर्टात जायला सामान्य मतदाराला उरतात १५ दिवस. हे अंतर वाढले पाहिजे. दुसरी, जागा. पूर्ण हिशेब पावत्यांसह तहसील कार्यालयात आणि संकेतस्थळावर, मराठीत, आला त्याच दिवशी ठेवावा. रुपया भरायला जिल्ह्याला जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे वेगळे. तिसरी, पक्षाच्या खर्चाला मर्यादा आणि लहान देणग्यांचीही नोंद.

हिशेब केवळ वेळेत दिला की सुटका, असेही नाही. नांदेड जिल्ह्यातील भोकर मतदारसंघाच्या प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की दिलेला हिशेब खरा आहे का हे तपासण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला आहे. योग्य कारणाशिवाय कायद्याप्रमाणे हिशेब न देणाऱ्याला तीन वर्षे अपात्र ठरवता येते. मात्र आयोगाला तुमच्या मैदानातल्या खुर्च्या कशा दिसणार? त्या आपणच पाहिलेल्या असतात.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी इशारा दिला होता, की राजकारणात प्रत्येकाच्या मताचे मूल्य समान राहील, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता असेल. त्या विसंगतीत पैसा हळूच शिरतो आणि समान मूल्याच्या मताची बोली लावतो. बोली किती लागली आणि कोणी लावली, एवढे तरी आपल्याला कळले पाहिजे.

आमच्या वस्तीने त्या रविवारी दोन ठराव केले. पुढील निवडणुकीत मंडळ कोणाचीही भेट स्वीकारणार नाही. आणि सभेच्या दिवशी खुर्च्या, गाड्या, स्पीकर मोजून तारखेसह वहीत लिहिले जाईल. वही महिला मंडळाकडे राहील, कारण जयंतीचा हिशेबही त्याच चोख ठेवतात. निकालानंतर पाच जण जिल्ह्याला जातील आणि दोन्ही वह्या ताडून पाहतील. भाड्याचे पैसे जयंतीच्या शिलकेतून.

साऊंड सेटचे काय करायचे, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही. तो विहाराच्या कोपऱ्यात कापड टाकून ठेवला आहे. वंदनेला बसले की तो समोर दिसतो, हे एका परीने बरेच आहे.

जयभीम!