घेण्याचं माप, देण्याचं माप

धर्मांतरबंदीच्या कायद्याची बातमी आली की आपल्यातले पुष्कळ जण एका रात्रीत घटनेचे जाणकार होतात. कलम २५ तोंडपाठ असतं. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यानुसार धर्म बदलण्याआधी साठ दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवावं लागतं, हे कळल्यावर आपलं रक्त उसळतं. माझ्या आणि माझ्या अल्लाहच्या मधे कलेक्टर कशाला, असं आपण विचारतो. प्रश्न अगदी बरोबर आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनानं असा कायदा करता येईल का हे पाहण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा मीही हाच प्रश्न विचारला होता. आजही विचारतो.

आता त्याच मंडळींना दुसरा प्रश्न विचारून पाहा. एखाद्या मुसलमानानं इस्लाम सोडला तर? लगेच आवाज खाली येतो. "सर, तो विषय वेगळा आहे." वेगळा कसा, ते कोणी सांगत नाही. जास्त खोदलं तर उत्तर येतं, "शरियतमध्ये त्याची सजा ठरलेली आहे, आपण कोण बोलणारे?"

आमच्या मुरबाड-शहापूरच्या भातशेतीच्या मुलखात पायलीनं भात मोजण्याची रीत जुनी. त्या काळच्या लबाड व्यापाऱ्याची ओळखही जुनीच: घेताना पायली शिगोशीग, देताना वरून हात फिरवून. कुरआनात अशा माणसांवर एक अख्खी सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. घेताना पुरं माप घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांच्या बरबादीनंच ती सुरू होते. आपण तिला बाजारापुरती समजून बसलो. स्वातंत्र्याचंही माप असतं. दुसऱ्याच्या धर्मातून आपल्याकडे येणाऱ्याला पुरं स्वातंत्र्य मागायचं आणि आपल्यातून जाणाऱ्याला फाशी, कैद किंवा वाळीत टाकणं, हे मापातलं पापच आहे.

हा निव्वळ किताबी वाद नाही. जगातल्या अनेक मुस्लिमबहुल देशांत इर्तिदाद, म्हणजे इस्लाम सोडणं, आजही गुन्हा आहे आणि त्यातल्या काही देशांत त्याला मृत्युदंड आहे. मॉरिटानियानं तर २०१८ मध्ये कायदा आणखी कडक करून तौबेची सवलतही काढून घेतली. हे कायदे कोणाच्या मानेवर पडतात ते बघा. सुदानमध्ये महमूद मुहम्मद ताहा नावाचे शहात्तर वर्षांचे विचारवंत होते. इस्लाम त्यांनी सोडला नव्हता. ते इस्लामचाच वेगळा अर्थ सांगत होते आणि जनरल निमेरींनी शरियतच्या नावानं आणलेल्या कायद्यांना विरोध करत होते. १८ जानेवारी १९८५ रोजी खार्टूमच्या तुरुंगात त्यांना मुर्तद ठरवून फाशी दिली. तीन महिन्यांच्या आत निमेरींची सत्ता गेली आणि १९८६ मध्ये सुदानच्याच सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. निकाल रद्द झाला, माणूस मात्र परत आला नाही.

इजिप्तमध्ये नस्र अबू झैद हे कुरआनचे अभ्यासक. मी मुसलमान आहे, असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले. तरीही १९९५ मध्ये कैरोच्या अपील न्यायालयानं त्यांना मुर्तद ठरवलं आणि मुसलमान बाई मुर्तदच्या निकाहात राहू शकत नाही म्हणून त्यांचं लग्नच मोडीत काढलं. नवरा-बायको दोघंही एकत्र राहायला राजी, मोडणारे तिऱ्हाईत! दोघांना देश सोडून नेदरलँड्सला जावं लागलं.

पुन्हा सुदान. २०१४ मध्ये मरियम इब्राहिम या गरोदर बाईला मृत्युदंड सुनावला गेला. बाप मुसलमान, पण तिला वाढवलं ख्रिस्ती आईनं. जो धर्म तिनं कधी धरलाच नव्हता, तो सोडल्याबद्दल ही सजा. पायांत बेड्या असताना ती तुरुंगात बाळंत झाली. जगभर ओरड झाल्यावर वरच्या न्यायालयानं तिला सोडलं आणि २०२० मध्ये सुदाननं हा मृत्युदंडच कायद्यातून काढून टाकला. तो काढल्यानं सुदानमधला इस्लाम बुडाला का? मशिदी ओस पडल्या का?

"पण सर, हे सगळं परदेशात. आपल्याकडे कुठे असा कायदा आहे?" बरोबर, कायदा नाही. पण कायद्याचं काम आपण समाजाकडून करून घेतो.

चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई आपल्याच कोकणातले, आपल्याच मराठीत लिहिणारे. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला. मागणी होती तोंडी तलाक बंद करण्याची. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. लोकांनी त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, त्यांना काफिर म्हटलं, त्यांच्या सभा उधळल्या. ३ मे १९७७ रोजी, वयाच्या पंचेचाळिशीच्या आत, ते गेले. आपलं दहन कोणत्याही धार्मिक विधीशिवाय व्हावं असं त्यांनी लिहून ठेवलं होतं, त्याप्रमाणे झालं. दलवाईंची इस्लामबद्दलची पुष्कळ मतं मला मान्य नाहीत. पण आजही त्यांचं नाव निघालं की पहिला सवाल असतो, "तो मुसलमान होता का?" त्या सात बायकांचं म्हणणं खरं होतं का, हा सवाल मागेच राहतो. फतव्याचा हाच तर उपयोग. एकदा माणसाला बाहेरचा ठरवलं की त्याचं म्हणणं ऐकायची गरज उरत नाही.

दुसरं उदाहरण दाऊदी बोहरा समाजाचं. तिथल्या बहिष्काराला बराअत म्हणतात. मशीद बंद, कब्रस्तान बंद, नातेवाइकांनी बोलणं बंद. मुंबई राज्यानं १९४९ मध्ये अशा बहिष्काराविरुद्ध कायदा केला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा मतांनी तो घटनाबाह्य ठरवला; विरोधी मत होतं खुद्द सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचं. त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून सुधारकांनी १९८६ मध्ये अर्ज केला. २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठानं तो प्रश्न नऊ न्यायाधीशांकडे पाठवला. ज्यांनी अर्ज केला त्यांतले असगर अली इंजिनिअर यांच्यासारखे लोक वाट पाहून गेले. मधल्या काळात महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा फक्त जातपंचायतींसाठी आहे, असं आपल्या जमातींच्या कारभाऱ्यांना वाटत असेल तर त्यांनी तो वाचावा. तो सगळ्या समाजांना लागू आहे.

आता दीनचं बघू. कारण "ही पाश्चात्त्यांची भाषा" हा शिक्का तयारच असतो. सूरह बकराची २५६ वी आयत दीनच्या बाबतीत जबरदस्तीला जागा ठेवत नाही. सूरह यूनुसच्या ९९ व्या आयतीत अल्लाह खुद्द पैगंबर (स.) यांना विचारतो की लोक ईमानवाले होईपर्यंत तू त्यांच्यावर जबरदस्ती करणार आहेस का. सूरह निसाच्या १३७ व्या आयतीत अशा लोकांचा उल्लेख आहे जे ईमान आणतात, मग नाकारतात, पुन्हा आणतात, पुन्हा नाकारतात. पहिल्याच नकाराला मान उडवायची असती तर दुसऱ्यांदा ईमान आणायला तो माणूस उरला असता का? मदीनेत बैअत करून गेलेल्या एका खेडुताला ताप आला, तो बैअत परत मागायला आला आणि निघून गेला, ही हकिकत बुखारीत आहे. पैगंबरांनी त्याच्यामागे तलवार पाठवली नाही.

धर्म बदलणाऱ्याला मारण्याची हदीसही बुखारीतच आहे, हे मला माहीत आहे. ती लपवून मला वाद जिंकायचा नाही. चारही मजहबांच्या जुन्या फुकहांनी तिच्या आधारे मृत्युदंड मानला, हेही खरं. पण त्याच फुकहांमध्ये हनफींनी बाईला त्यातून वगळलं आणि तिला कैद सांगितली. कारण काय, तर बाई लढाईला उतरत नाही. म्हणजे सजेमागचं कारण नुसतं मनातला विश्वास बदलणं नव्हतं. शत्रूच्या फौजेला जाऊन मिळणं होतं. त्या काळात धर्म सोडणं म्हणजे छावणी सोडणं. आज छावणी नाही, नागरिकत्व आहे. देशद्रोह केला तर देशद्रोहाची सजा द्या, मग करणारा नमाजी असो की बेनमाजी. नमाज सोडली म्हणून देशद्रोही कसा?

आपल्या इतिहासातला एक धडा तर आपण साफ विसरलो. इंग्रजी अमदानीत हनफी मतानुसार बाईला जुलमी किंवा बेपत्ता नवऱ्यापासून सुटण्याची वाट जवळजवळ नव्हती. एकच फट होती: बायकोनं इस्लाम सोडला की निकाह तुटतो. मग पंजाबात बायका ईसाई झाल्याचं जाहीर करून कोर्टातून सुटका करून घेऊ लागल्या. त्या वेळी मौलाना अशरफ अली थानवींसारख्या आलिमांनी काय केलं? तलवार मागितली नाही. मालिकी मजहबाचा आधार घेऊन बाईला तलाक मागण्याची कारणं खुली करून दिली. त्यातूनच १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आला. माणसं घर सोडून का चालली आहेत, हे त्यांनी पाहिलं आणि घर दुरुस्त केलं. आज आपण दाराला कडी घालायच्या गोष्टी करतो.

मी वर्गात उर्दू आणि मराठी शिकवतो. शिक्षकाला एक गोष्ट पक्की कळते. छडीच्या भीतीनं पाठ केलेली कविता परीक्षा संपताच विसरते. भीतीनं धरलेलं ईमानही तसंच. ज्याला दीन पटत नाही पण सोडताही येत नाही, तो मुसलमान राहत नाही, मुनाफिक होतो. आणि कुरआन मुनाफिकाला काफिराच्याही खालची जागा देतो. म्हणजे मुर्तदच्या सजेचा कायदा ज्या रोगावर काढला त्याहून वाईट रोग पैदा करतो.

शेवटचा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. "आज मुसलमानांवर चहूबाजूंनी हल्ले होत असताना आपणच आपली धुणी चव्हाट्यावर का धुवायची?" मी उलट म्हणतो, आजच धुवायला हवीत. घटनेच्या आधारावर उभं राहणाऱ्यानं पाय दोन होड्यांत ठेवू नयेत. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला सांगितलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. आमच्या तालुक्यातल्या बौद्ध वस्त्यांत त्या दिवसाचा अभिमान आजही आहे. त्या स्वातंत्र्याचं आपण भाषणांत कौतुक करतो. ते स्वातंत्र्य आत येण्याचंच होतं का? आधी ते बाहेर पडण्याचं होतं.

१९४८ मध्ये मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात धर्म बदलण्याचा हक्क आला, तेव्हा सौदी अरबस्तान मतदानात तटस्थ राहिला. पण पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान यांनी इस्लामचाच आधार देऊन त्या हक्काची बाजू मांडली. १९७४ मध्ये त्याच पाकिस्ताननं घटना बदलून जफरुल्लांच्या अहमदिया जमातीला गैरमुस्लिम ठरवलं. कोण मुसलमान हे ठरवायचा अधिकार सरकारला दिला की तो कुठपर्यंत जातो, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. धर्मांतरबंदीच्या कायद्याविरुद्ध निवेदन द्यायला तहसील कचेरीत जाल, तेव्हा त्यात आणखी एक ओळ लिहा: इस्लाम सोडणाऱ्याला सजा देणारा जगातला प्रत्येक कायदाही आम्हाला नामंजूर आहे. जमातीच्या बैठकीत ठराव करा की विश्वासाच्या कारणावरून कोणाच्या घराशी रोटी-बेटी, मय्यत, बोलणं-चालणं तोडलं जाणार नाही. खतीबांनी एका जुम्म्याला सूरह मुतफ्फिफीनवर बयान करावं आणि त्यात फक्त किराणा दुकानदाराचा उल्लेख करून थांबू नये.

जाणाऱ्याला जाऊ द्या. त्याचा हिशेब घेणारा अल्लाह आहे, आणि त्याच्याकडे घेण्याचं आणि देण्याचं माप एकच आहे.